गौरेचं माहेर, अल नहदा

दीदीने चहाचा कप टीपॉयवर ठेवला, टिश्यूने ओठ टिपले आणि मला म्हणाली, "यंदा गौरा तू उचल. सून आहेस, सवाष्ण आहेस, तुलाच शोभेल."

ईजा समोरच बसली होती. ईजा म्हणजे माझी सासू. कुमाऊँत आईला ईजा म्हणतात, नवरा म्हणतो म्हणून मीही म्हणते. तिने चहात बुडवायला बिस्कीट उचललं होतं, ते तिने बशीत परत ठेवलं आणि म्हणाली, "हो, ब्वारी उचलेल." ब्वारी म्हणजे सून, म्हणजे मी. मला कुणी विचारलंच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आलेली बाई, त्यातून नवऱ्याच्या लांबच्या नात्यातली, वयाने मोठी. मी मूग गिळून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना मिक्सर लावला.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. मी पुण्याची, कोथरूडची. नवरा उत्तराखंडातल्या पिथौरागढच्या बाजूच्या एका गावचा, म्हणजे पार वर, जिथून पुढे नेपाळ सुरू होतो. आम्ही भेटलो शारजात, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत. तो परचेसला, मी क्वालिटीत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला घोर लागला होता की डोंगरातली माणसं, त्यांचे सणवार आपल्याशी कसे जुळायचे. आणि पहिलाच भाद्रपद आला तर कळलं, त्यांच्याकडेही गौर येते. आपल्यासारखीच माहेरपणाला येते, बहुतेक वर्षी आपल्याच दिवसांत. आपली मुखवट्याची आणि जरीच्या साडीतली, त्यांची गवताची.

खरंच गवताची. सावा, मका, तीळ, भात अशी हिरवी रोपं उपटून आणायची, एकत्र बांधायची, वर कापडाचा चेहरा, घागरा, ओढणी, नथ. झाली गौरा. पंचमीला तांब्याच्या भांड्यात पाच धान्यं भिजत घालतात, त्यांना बिरुड म्हणतात. सप्तमीला बायका झऱ्यावर बिरुड धुतात आणि गौरेला डोक्यावर घेऊन गावात आणतात. अष्टमीला तिचा नवरा महेश्वर तिला न्यायला येतो, तोही गवताचाच. मधल्या वेळात बायका हात गुंफून रिंगण धरतात आणि गाण्यातून सासरची गाऱ्हाणी बाहेर काढतात, गौरेचीही आणि स्वतःचीही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला हे फार आवडलं. आपल्याकडे गौरी जेवायच्या दिवशी कोशिंबिरी आणि भाज्या करता करता बाईला गाऱ्हाणं करायलाही फुरसत मिळत नाही.

शारजात हे सगळं आणलं ईजाने. सासरे फौजेतून रिटायर झाल्यावर दोघं अल नहदाला आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच श्रावणात तिने मुलाकरवी मासळीचे थर्मोकोलचे खोके मागवले आणि बाल्कनीत सावा पेरला. जिथे उन्हाळ्यात प्लॅस्टिकची खुर्ची वाकडी होते, तिथे सावा. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं, तेच रोपांना घालायचं, दुपार झाली की खोके उचलून हॉलमध्ये सोफ्याशेजारी. वॉचमन सांगायला आला की बाल्कनीत सामान ठेवायला परवानगी नाही. ईजा त्याला म्हणाली, हे सामान नाही, शेत आहे. तो डोकं खाजवत निघून गेला आणि पुन्हा काही त्या विषयावर आला नाही.

आसपासच्या टॉवरमधल्या पहाडी बायका आधी नुसतं बघायला आल्या. कुणाची आई गौरा करायची, कुणाची आजी, पण गाणी कुणालाच धड येत नव्हती. ईजाला सगळी येत होती. तेव्हापासून सप्तमीला दीदीच्या घरी बायका जमायला लागल्या, कारण तिचा हॉल मोठा. रोपं ईजाची, गाणी ईजाची आणि गौरा ईजाच्या डोक्यावर. त्यांच्या सवाष्णी त्या दिवशी हातात व्रताचा दोरा बांधतात आणि पिछौडा घेतात, पिवळ्यावर लाल ठिपक्यांची ओढणी. तो घेतलेली ईजा टोपली डोक्यावर सावरत लिफ्टमधून बाहेर आली की गप्पा मारणाऱ्या बायका आपोआप उठून उभ्या राहायच्या.

मग सासरे गेले. हिवाळ्यात गावी गेले होते, तिथेच छातीत दुखलं आणि खलास. वर्षभर घरात सण नाही. तो भाद्रपद आम्ही कोराच घालवला. दीदीकडे म्हणे प्लॅस्टिकच्या पानांची गौरा केली आणि मोबाइलवर गाणी लावली. पुढे वर्षश्राद्ध झालं. मी गणपतीची तयारी काढली, लेकीने मोदकांची फर्माईश केली, नवऱ्याने दिव्यांच्या माळा दुरुस्त केल्या. घरातल्या प्रत्येकाचे सण परत आले. ईजाचे तेवढे आले नाहीत.

आणि अशा वेळी दीदी चहाला आली. तिचं म्हणणं असं होतं की बाल्कनीत पेरलेली रोपं काकींनीच, म्हणजे ईजानेच, वाढवावीत, तेवढं कुणाला जमत नाही. गाणीही काकींनीच म्हणावीत, दाराजवळ खुर्चीत बसून. फक्त गौरेला हात लावू नये, बिरुडाला लावू नये आणि कुणाच्या डोक्यावर आशीर्वादाचे बिरुड ठेवू नयेत, कारण यंदा नव्या लग्नाच्या मुलीही येणार आहेत. "बुरा मत मानना काकी," ती म्हणाली, "रीत आहे."

दीदी गेल्यावर मी ईजाला सांगून टाकलं. आमच्या घरात ईजा कुमाऊँनी बोलते, मी मराठी, मधल्या मध्ये हिंदी, आणि लेक सगळ्यांना इंग्लिशमध्ये उत्तर देते. इथे मी सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल.

"मी गौरा उचलणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"ती तुमची आहे म्हणून."

"माझी कसली आलीय. सवाष्णीचा सण आहे तो. उगाच डोकं चालवू नकोस."

"आणि रोपांना पाणी घालताना तुमचा हात चालतो. तेव्हा नाही बाटत गौरा?"

"तेव्हा ती गवत असते," ईजा म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

माझा राग आणखीनच वाढला. संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बूट काढत होता. "छोड ना यार," म्हणाला, "ईजालाच चालतंय तर तुला काय?" एका स्क्रूच्या भावासाठी सप्लायरला तासभर फोनवर पिळणारा माणूस हा. घरातल्या बायकांपुढे त्याचं नेटवर्कच जातं. लेकीने एका कानातला इअरफोन काढला, "दॅट्स सो अनफेअर," म्हणाली आणि परत घातला. एवढीच काय ती मला कुमक मिळाली.

पहाडी लोकांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आमच्या कोथरूडच्या घरी काय वेगळं होतं? गौरी जेवायच्या त्या दिवशी माझी थोरली काकू पहाटेपासून पुरण वाटायची. काका लवकर गेले होते. पुरण वाटायला तिचे हात चालायचे, पोळ्या लाटायला चालायचे, त्याच पोळ्या गौरीपुढे जायच्या. मुखवटा उचलायला मात्र ते हात चालायचे नाहीत. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बायका आल्या की काकू मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची. तिला कुणी आत जा म्हणायचं नाही, तीच जायची, आणि सगळे म्हणायचे, वहिनी किती समजूतदार. त्या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. बाईचं काही काढून घ्यायचं असलं की आधी तिला समजूतदार म्हणतात. माझ्या घरात मी ईजाला समजूतदार होऊ देणार नव्हते, मग कुणाला राग येवो नाहीतर लोभ.

पंचमीला आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं, बाल्कनीत, बादलीत, साव्याच्या खोक्यांशेजारी. दरवर्षी त्याच संध्याकाळी ईजा तांब्याचं भांडं चिंचेने घासायला घ्यायची. यंदा ती आपल्या खोलीत सीरियल लावून बसली, आवाज चांगला मोठा करून. तिला बिरुडाची आठवण नव्हती असं नाही. आठवण होती म्हणूनच तो आवाज.

मी उचलणार नाही म्हटलं होतं, पण बिरुड भिजवायचे तर पंचमीलाच. ती टळली की त्या वर्षीची गौरा गेली. आणि एकदा अशी गेली, की ईजा पुढच्या श्रावणात सावा पेरणार नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसेल आणि तिथेच बसून राहील, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. मी स्टुलावर चढून भांडं काढलं. घासलं. गहू, हरभरे, उडीद, वाटाणे आणि गहत, म्हणजे आपले कुळीथ, मोजूनमापून नाही, मुठीने घातले. भांड्याला बाहेरून शेणाने दूर्वा चिकटवतात. ईजा इथे शेणाऐवजी कणीक वापरायची, मीही कणीकच लावली, आणि वर गणपतीच्या उरलेल्या दूर्वा. देवांनी काय ते आपसात बघून घ्यावं, असं म्हणून मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरियाला निघायची घाई. ओट्यावर भिजलेलं कडधान्य दिसलं आणि माझ्या हातांनी तेच केलं जे ते इतकी वर्षं करत आलेत. पाणी ओतून दिलं, धान्य ओल्या फडक्यात गच्च बांधलं आणि मोड यायला बंद ओव्हनमध्ये ठेवून दिलं. डोक्याला त्यांनी काही विचारलंच नाही. मी गाडीत बसले, शेख मोहम्मद बिन झायद रोडचा ट्रॅफिक काढला, दिवसभर ऑडिटवाल्यांशी हुज्जत घातली, आणि एकदाही मला खटकलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर ईजा ओट्यापाशी उभी होती. ओव्हन उघडा, समोर ती पुरचुंडी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बिरुड," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं.

तिने गाठ सोडली. उष्ण हवा, बंद ओव्हन. चांगले दणदणीत मोड आले होते. ती त्या मोडांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"गौरेची मिसळ करणार होतीस?"

तिने पुढे विचारलं, "पाव आणलेस का?" आणि हसायला लागली. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासरे गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले. आतून लेक बघायला आली आणि आम्हा दोघींना वेड लागल्यासारखं बघून परत गेली.

हसता हसताच ईजाने भांडं पुढे ओढलं, बिरुड त्यात परत घातले, वर पाणी ओतलं. कुळथाचे मोड तुटलेत का ते बोटांनी चाचपलं. सुटलेल्या दूर्वा कणकेत दाबून बसवल्या. तोंडाने चाललंच होतं, की बिरुड पाण्यात असायला हवेत, कोरडे पडता कामा नयेत, लांबून चालत आलेल्या मुलीला कुणी कोरडं ठेवतं का, तुम्हा पुण्याच्या लोकांना प्रत्येक गोष्टीची उसळ कशी सुचते. आणि मध्येच ती थांबली. मनगटापर्यंत हात पाण्यात होते.

"मी हात लावला," ती म्हणाली.

"लावलात."

"ब्वारी, मी हात लावला."

उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी ती भांड्याकडे बघत होती. काही झालं नाही. फ्रिज गुरगुरत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं.

"हे फेकून दे," ती म्हणाली. "नवीन भिजव. तू भिजव."

"मला येत नाही. बघितलंत ना आत्ता?"

"मग कुणाला सांगू नकोस."

"सांगणार. आत्ताच दीदीला फोन लावते." आणि मी खरंच फोन उचलला. रागाच्या भरात लावलाही असता. ईजा म्हणाली, "थांब." मग ती स्टुलावर बसली, ओले हात मांडीवर घेऊन. पुसायला तिने नॅपकिनही मागितला नाही.

"माझे वडील माझ्या लग्नाआधीच गेले होते," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या गौरेला मी माहेरी गेले, तेव्हा आई खालच्या वळणापर्यंत आली होती मला घ्यायला. चढावर. गुडघे दुखायचे तिचे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, डोक्यावर हात ठेवला, मला घरात घेतलं. तिचा हात लागून माझं काय वाईट झालं? चांगला संसार झाला माझा."

मी फोन ओट्यावर ठेवला. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

"मला सवाष्ण नाही व्हायचं," ती म्हणाली. "त्यांचा दोरा नको मला हातात, पिछौडा नको. जे गेलं ते गेलं. पण घरी आलेल्या लेकीला आत घ्यायला सवाष्ण कशाला लागते? आई लागते." ती उठली आणि तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "उद्या मी उचलणार. आणि लपवून नाही."

सप्तमीला मी रजा टाकली. सकाळी ईजाने रोपं उपटली, बांधली, चेहरा काढला. मी नथ दिली, माझ्याकडे जास्तीची होती ती. स्वतः ईजा फिकट राखाडी साडी नेसली. मी म्हटलं, जरा रंगाची नेसा की. म्हणाली, मला सोंग करायचं नाही. कपाटातून तिने स्वतःचा पिछौडा काढला, एकदा झटकला आणि गौरेला पांघरला.

नवरा किल्ली घेऊन तयार होता. "गाडी खाली लावलीय, एसी चालू करून ठेवतो."

"गौरा चालत येते," ईजा म्हणाली.

"ईजा, बाहेर आग पडलीय. आणि इथे रस्त्यावरून असं कुणी देव नेत नाही. कुणी काही बोललं तर?"

"देव कुठे नेतेय मी? लेक आणतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बघतोस काय," मी म्हटलं, "भांडं धर." त्याने धरलं. लेक पाण्याची बाटली आणि स्वतःची ओढणी घेऊन पुढे झाली. "डॅड, यल्ला, जस्ट वॉक," म्हणाली.

दीदीचा टॉवर समोरच्या गल्लीत, पण मध्ये मोठा रस्ता. सप्टेंबरातली दमट दुपार. चष्म्यावर वाफ धरते आणि अंगाला कपडे चिकटतात. ईजा पुढे, टोपली डोक्यावर, एक हात वर, एक हात मोकळा. बसस्टॉपवरच्या लोकांनी फोनमधून माना वर केल्या. बेकरीतला पोळपाटाशी उभा असलेला माणूस काचेला नाक लावून बघत होता. सिग्नल आमच्यासाठी लाल झाला तरी ईजा अर्ध्या रस्त्यात होती, तिला धावता येत नाही. एक कारवाला तसाच थांबून राहिला, हॉर्न न वाजवता. शारजात हॉर्न न वाजवणं ही काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण त्याने भांडं छातीशी घट्ट धरलं होतं, पाणी हिंदकळू न देता. एरवी त्याच्या हातून चहाही सांडतो.

लिफ्टमध्ये ट्रॉली घेऊन एक अरब बाई होती. तिने टोपलीकडे बघून ईजाला विचारलं, "व्हॉट इज धिस, हबीबती?" ईजाला प्रश्न बरोबर कळला. "बेटी," ती म्हणाली. बाईने गौरेच्या नथीकडे निरखून बघितलं. "माशाल्ला," म्हणाली आणि आपल्या मजल्यावर उतरून गेली.

दार दीदीच्या सुनेने उघडलं. गेल्याच हिवाळ्यात लग्न झालेली पोर, तिची ही पहिलीच गौरा. हातभर चुडा, कोरा पिछौडा. टोपलीखाली ईजाला बघून ती गोंधळली आणि नुसती बाजूला झाली. आत हॉल पिवळाधमक दिसत होता, सगळ्या जणी नटून आल्या होत्या. दीदी पुढे आली.

दीदी वाईट बाई नाही, हे लिहायलाच हवं. सासरे गेले तेव्हा आम्ही दोघं धावत गावी गेलो; इथे माझ्या लेकीला हिनेच सांभाळलं, शाळेच्या डब्यासकट. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"काकी, टोपली सुनेकडे द्या आणि आत या," ती हळू आवाजात म्हणाली. "उन्हातून आलात."

"नाही देत," ईजा म्हणाली.

"काकी, रीत आहे."

"रीत मला ठाऊक आहे. तुम्हाला मीच सांगितलीय. आणि ऐका, बिरुडातही माझा हात पडलाय. मागाहून म्हणू नका की कळलं नाही."

आत कुजबुज झाली. एक जण म्हणाली, अरे देवा. दीदीचा चेहरा पडला. "हे बरं नाही केलंत. आज नव्या मुली आल्यात."

"मी दोरा मागितला का? पिछौडा घेतलाय का?" ईजाचा आवाज वर गेला नव्हता. मानेच्या शिरा मात्र ताठ झाल्या होत्या, डोक्यावर ते ओझं तसंच. "ही माहेरी आलीय. माहेरी आलेल्या पोरीला आत कोण घेतं? आई घेते. आईचं कपाळ बघून येते का पोरगी?"

दीदीही काही कमी नाही. तिला लगेच सुचलं. "हिचा बाप हिमालय आहे, काकी. तो कुठे जाणार? हिच्या आईचं कुंकू कायमचं आहे."

मला वाटलं, संपलं. तरी मी तोंड उघडलं होतं, माझं तोंड कुठल्याही परिस्थितीत उघडतं. पण ईजाला माझी गरज नव्हती.

"हिमालय तिकडे राहिला, चेली," ती म्हणाली, लेकीला हाक मारावी तसं. "इथे हिला घ्यायला मीच आहे."

दीदी दारातून हलली नाही. ईजा वळली. लिफ्ट आणि आगीच्या नळाचं कपाट ह्यांच्यामध्ये कॉरिडॉरची जागा होती. लेकीला म्हणाली, ओढणी पसर. लेकीने पसरली. ईजाने गौरेला तिथे फरशीवर बसवलं, नवऱ्याने भांडं पुढ्यात ठेवलं, आणि ईजा मांडी घालून गायला लागली. घसा कोरडा पडला होता, पहिली ओळ फाटली. लेकीने बाटली दिली. पाणी पिऊन तिने तीच ओळ पुन्हा धरली, आणि ह्या वेळी ती लागली.

मला येत होतं तेवढं मी मागे म्हटलं, माझ्या कोथरूडच्या उच्चारात. लाजायला मला वेळ नव्हता. आधी एक बाई बाहेर आली, चपला न घालता. मग दोघी. मग एकमेकींकडे बघत आणखी काही. सगळ्या आल्या नाहीत, मी खोटं कशाला लिहू. बऱ्याच जणी आत दीदीबरोबर राहिल्या. कॉरिडॉर अरुंद, रिंगण काही गोल होईना, लांबट झालं, एका टोकाच्या बायका लिफ्टला टेकत होत्या. लिफ्टचं दार सारखं उघडायचं, आतली माणसं बघायची, सॉरी म्हणायची, दार बंद व्हायचं. आमच्या पायाखाली फरशी दणदणत होती आणि खालच्या मजल्यावरून अजून कुणी वर आलं नव्हतं.

गाणं संपलं तसे आशीर्वादाचे बिरुड काढले. मोठ्या माणसाने ते लहानांच्या डोक्यावर ठेवायचे असतात. आधी मी वाकले. ईजाने माझ्या डोक्यावर ठेवले, मग माझ्या लेकीच्या, मग आपल्या मुलाच्या. नवऱ्याचे डोळे भरले होते, घाम आहे म्हणाला. आणि मग ईजाने भांड्यावर झाकण ठेवून दिलं. समोर बायका उभ्या होत्या, पण ती मान वर करून बघेना. दारात एवढं बोलली होती, रस्त्यातून ताठ चालत आली होती, पण दुसऱ्याच्या भरल्या संसाराला आपला हात लावायची तिची छाती होत नव्हती. भीती तिच्या आतच होती, आणि ती मला काढता येत नव्हती. मी म्हटलं, "ईजा." ती म्हणाली, "झालं आता. घरी चला."

तेवढ्यात दीदीची सून उंबरा ओलांडून बाहेर आली. सरळ ईजाच्या समोर येऊन बसली, चुडा आवरून.

"तू नको, पोरी," ईजा घाईघाईने म्हणाली. "तुझं आत्ताच लग्न झालंय. मला काही झालं तर झालं, तुला नको."

पोरीने झाकण काढलं. ईजाचं मनगट धरलं. ईजा हात मागे ओढत होती, तिने सोडला नाही. पाण्यात घातला, मूठ भरू दिली, आणि उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. गहू, हरभरे तिच्या सिंदुराच्या भांगातून खाली घरंगळले, कपाळावरून पाण्याचे ओघळ आले. ईजा रडत होती. आतून दीदीने सुनेला नावाने हाक मारली, एकदा, आणि मग जरा मोठ्याने.

"आले, मम्मी," मुलगी म्हणाली, आणि ईजाचा हात डोक्यावर तसाच धरून बसून राहिली.